मोहरसिंगची अंघोळ

राजस्थानात झुंझुनू जिल्ह्यातल्या खारडासर गावात दोनशे बारा घरांना दोनशे बारा नळ बसले आणि गाव 'जलसंपन्न' म्हणून जाहीर झालं. नळांना पाणी यायचं तेवढं राहिलं होतं. पण जलसंपन्न गावाला टँकर देणं नियमात बसत नाही, म्हणून आधी येत होता तो टँकरही बंद झाला. निवृत्त हवालदार हरफूल यांची नात मंजू रोज सकाळी तीन किलोमीटरवरच्या विहिरीवर दोन खेपा करायची. ती घरी पोचेपर्यंत शाळेची मधली सुट्टी झालेली असायची. नववीच्या वर्षात ती एकेचाळीस दिवस शाळेत गेली.

"ताऊ, दहावीत असं चालणार नाही," शाळेतल्या विमला बहनजींनी हरफूलना सांगितलं. "हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. मी तरी काय करू?"

गावात सरकारी पाणी मिळायचं ते एकट्या मोहरसिंगला. मोहरसिंग म्हणजे हरफूलचा थोरला भाऊ. तो लढाईत कामी आला त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. शाळेला त्याचं नाव होतं, पटांगणात त्याचा पुतळा होता, आणि वाळूचा प्रदेश म्हणून 'शहीद सन्मान' या शीर्षाखाली रोज एक टँकर येऊन त्याला अंघोळ घालून जायचा. जिवंतपणी मोहरसिंगला अंघोळीला बसवायचं तर आईला काठी घ्यावी लागायची.

टँकरचा चालक सांवरमल एम. एस्सी. बी. एड. होता. शिक्षक म्हणून निवड होऊन त्याला नऊ वर्षं झाली होती, नेमणूक व्हायची होती. तोवर हे कंत्राटी काम. "मी रोज शाळेत जातो" असं तो सासुरवाडीला सांगायचा आणि ते खरंच होतं.

हरफूल एका सकाळी मटका घेऊन टँकरपाशी उभे राहिले.

"ताऊ, नका ना असं करू," सांवरमल म्हणाला. "हे सन्मानाचं पाणी आहे. पिण्यासाठी दिलं तर माझी नोकरी जाईल."

"तुला नोकरी आहे?"

"गेली की कळेल, होती म्हणून."

"बरं. नियम काय म्हणतो?"

"पाणी शहिदाच्या अंगावर पडलं पाहिजे, आणि पडतानाचा फोटो पाठवायचा."

"पडल्यावर?"

सांवरमलने फोन काढून नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पडल्यावरच्या पाण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

हरफूलनी फौजेत आयुष्यभर खंदक खणले होते. दोन दिवसांत त्यांनी चौथऱ्याभोवती सिमेंटची पन्हळ केली, तिला तोटी बसवली आणि तोटीवर फडकं बांधलं. तिसऱ्या दिवसापासून मोहरसिंगच्या टोपीवर पडलेलं पाणी मिशांवरून, पदकांवरून आणि बुटांवरून ओघळत गावाच्या मटक्यांत येऊ लागलं. पाण्याला थोडी पितळेची चव होती. हरफूलची म्हैस पहिल्या दिवशी तोंड फिरवून उभी राहिली, दुसऱ्या दिवशी मुकाट प्यायली.

प्रार्थनेच्या वेळी मुली मटके घेऊन येत, ते ओळीने भरायला लावत आणि वर्गात जाऊन बसत. दोन महिन्यांत मंजूचा शाळेचा एकही दिवस बुडाला नाही. शाळेची हजेरी जिल्ह्यात पहिली आली, आणि तिथेच घात झाला. सरकारी शाळेत मुली रोज येतात म्हणजे काहीतरी गैर असणार, असं वरच्या कार्यालयाला वाटलं आणि चौकशीसाठी कविया साहेब आले.

त्यांनी पुतळा पाहिला, पन्हळ पाहिली, रांग पाहिली.

"हे लोक इथे पाणी का भरतात?"

"तहान लागते, साहेब," हरफूल म्हणाले.

"हे गाव जलसंपन्न आहे. इथे तहान लागू शकत नाही. घरी नळ आहे ना?"

"आहे. नातीने त्याच्यावर दप्तर टांगलंय."

"म्हणजे वापरात आहे," असं म्हणून कविया साहेबांनी वहीत टिपून घेतलं. मग बराच विचार करून अहवाल लिहिला. नळ खोटे असू शकत नाहीत, कारण त्यांचं प्रमाणपत्र आहे. तेव्हा ग्रामस्थ हे पाणी केवळ श्रद्धेपोटी, तीर्थ म्हणून नेतात. या श्रद्धेचा योग्य तो मान राखण्यात यावा.

मान लगेच राखला गेला. तीर्थस्थानाला पहारेकऱ्याचं एक पद मंजूर झालं आणि त्यासाठी अकरा हजार अर्ज आले. पहिला सांवरमलचा होता. पुतळ्यावर संगमरवरी छत्री उभी राहिली, चारी बाजूंनी काच लागली. काचेमुळे पुतळ्यावर धूळ बसेना. धूळ नाही म्हणून अंघोळ नाही. अंघोळ नाही म्हणून टँकर नाही. आणि मंजू पुन्हा विहिरीच्या वाटेला लागली.

हरफूल तहसीलच्या कार्यालयात गेले. तिथला बाबू भला माणूस होता, त्याने त्यांना खुर्ची दिली.

"ताऊ, जुन्या पुतळ्याचं आता काही होणार नाही. नवा पुतळा असेल तर त्याला पाणी मिळेल. नाव सांगा."

"हरफूल."

"तुमचे कोण लागतात?"

"मीच."

बाबूने लेखणी खाली ठेवली. "अहो, तुम्ही तर जिवंत आहात."

"तेवढीच अडचण आहे का?"

"मोठी आहे. हुतात्मा झाल्याची तारीख लिहावी लागते."

"नातीची परीक्षा मार्चमध्ये आहे. त्याआधीची कुठलीही टाका."

"जिवंत माणसासाठी नळ आहे, ताऊ," बाबू अगदी हळू आवाजात म्हणाला आणि अर्ज परत दिला.

छत्रीच्या उद्घाटनाला हरफूलना गणवेश घालून पुतळ्याशेजारी उभं केलं. ऊन कडक होतं आणि तीन भाषणं व्हायची होती. पाहुण्यांसमोर पाण्याच्या बाटल्या होत्या, पण त्या पाहुण्यांच्या होत्या. हरफूल सावधानमध्ये उभे राहिले, ओठ सुकले, डोळे भरून आले. कोणीतरी फोटो काढला आणि 'वीर भावाच्या आठवणीत' असं लिहून सगळीकडे पाठवला.

दुसऱ्या दिवशी मंजूने तो फोनवर दाखवला. "आजोबा, सत्तर हजार लोकांनी तुम्हाला हात जोडलेत!"

"कोणी काही विचारलंय?"

मंजू बराच वेळ बोटाने खाली खाली जात राहिली. "एकाने विचारलंय."

"काय?"

"हे कधी गेले म्हणून."

"आणि पाण्याचं?"

"ते कोणी नाही विचारलं. थांबा, आणखी एकाने हात जोडले." तिने नाव वाचून दाखवलं. नाव मराठी वाटत होतं, पण ते इथे लिहीत नाही, उगाच तुम्हाला अवघडल्यासारखं होईल.