छावणीतली स्वरशांती

मन शांत असलेल्या जिवाला तहान कमी लागते, हे सत्य सर्वप्रथम मांजरसुंब्याजवळच्या एका सहकारी दूध संस्थेने ठरावाद्वारे मान्य केले. (ठराव एकमताने. विरोध करणारे सभासद अजून उसाच्या फडातून परतायचे होते.)

संस्थेचे चेअरमन भगवानराव पुण्याला तीन दिवसांच्या शिबिराला गेले आणि येताना पांढरा झब्बा, मंद हसू व एक पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यात एक ताई अतिशय सावकाश गात होत्या, "सोडून दे... सारे सोडून दे..." शब्द एवढेच. मागे तंबोरा, बारीक घंटा आणि खळाळता झरा. गाणे अठ्ठावीस मिनिटांचे. संस्थेच्या चारा छावणीत सहाशे बारा जनावरे होती आणि ती तहानेने दिवसभर ओरडत. तपासणीच्या साहेबांना ते बरे वाटेना. म्हणून छावणीत मधोमध लोखंडी खांबावर चार भोंगे बसवले. भोंग्यांना वीज पुरावी म्हणून तेवढा वेळ बोअरची मोटर बंद ठेवत. (बोअरला पाणी नव्हतेच, त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही.)

साखराबाईची म्हैस चंद्री दिवस भरलेली होती. घरात दुसरे दुभते जनावर नाही, तेव्हा साखराबाईचा सगळा जीव तिच्यात. दर म्हशीमागे रोज चाळीस लिटर पाणी ठरलेले, तेही टँकर आला तर. गाभण म्हशीचे त्यात काय भागणार? बाई आपल्या प्यायच्या हंड्यातले पाणी तिला पाजायची.

पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता ताईंनी सारे सोडून द्यायला सांगितले. एकही जनावर हलले नाही. मग झरा वाजला. चंद्रीने कान टवकारले, खुंटा उपटला आणि पोट सांभाळत भोंग्याकडे धावली. मागोमाग अख्खी छावणी! खांबाभोवती ही गर्दी झाली, आणि जनावरे लोखंडी खांब चाटू लागली.

भगवानरावांचे डोळे भरून आले. "बघा, मुक्या जिवाला बी अध्यात्माची ओढ हाय!"

"चेअरमनसाहेब, त्यायला ते पाणी वाटतंय वो," साखराबाई म्हणाली. "लई तहानल्यात. हौदात पाणी सोडा, न्हाईतर ते गाणं तरी बंद करा."

"बाई, तुमचंच मन अशांत हाय. म्हणून तुमाला गाण्यात पाणी दिसतंय."

आठवड्याने अहवाल तयार झाला. धावत श्रवणास येणारी जनावरे ९८ टक्के. (उरलेल्या दोन टक्क्यांना उठता येत नव्हते.) ओरडण्यात ७१ टक्के घट. (घसे सुकल्यामुळे, असे काही असंतुष्टांचे म्हणणे; नोंद घेतली नाही.) सबब पाणी चाळीसवरून पंचवीस लिटर करण्यात यावे. छावणीचे नाव पुरस्कारासाठी वर गेले. बोला आता!

साखराबाईचे डोके फिरले. रोज झरा ऐकून चंद्री धावायची, खांब चाटून परत यायची, आणि आता तर तिला नीट उभेही राहवत नव्हते. बाईने पदर खोचला आणि भोंग्याची तार हिसडून तोडली.

नेमक्या त्याच दिवशी गाणाऱ्या ताई चमत्कार बघायला पुण्याहून आल्या होत्या. भोंगे गप्प झाले आणि चंद्री रेकली. पोटाच्या तळातून, लांबच लांब.

"थांबा," ताई कुजबुजल्या. "हा खर्ज मला चौदा वर्षांत लागला नाही." त्यांनी चंद्रीच्या तोंडापुढे माइक धरला.

"ताई, आधी बादलीभर पाणी पाजू द्या वो तिला," साखराबाई हात जोडून म्हणाली.

ताईंनी ओठांवर बोट ठेवले. पाणी पाजले असते तर स्वर तुटला असता. ध्वनिमुद्रण वीस मिनिटे चालले आणि फार सुंदर झाले.

तार तोडल्याबद्दल चंद्रीचे नाव रजिस्टरमधून कमी करण्यात आले. चौथ्या दिवशी ती साखराबाईच्या दारात व्याली. पारडू मेलेले निघाले, दुपारी चंद्रीही गेली. साखराबाई तिच्या मानेवर डोके टेकून ओक्साबोक्शी रडली. या रडण्याचे ध्वनिमुद्रण झालेले नाही.

बाकी सर्व उपलब्ध आहे. सकाळी गॅलरीत चटई टाकून, डोळे मिटून तुम्ही जो खोल, दीर्घ स्वर ऐकता आणि ज्याने तुम्हाला आतून भरून येते, तो तोच. ऐकताना घशाला कोरड पडते, अशी काही श्रोत्यांची तक्रार आहे. त्यांनी शेजारी पाण्याची बाटली ठेवावी.