बिनडोक्याचा धावपटू

"साचा कसा साफ करायचा ते मला शिकवू नकोस!" उस्ताद लेकीला म्हणाले. "हा मी माझ्या हातांनी कोरलाय. माझ्या साच्यातली मूर्ती पहिल्या ओतीला पुरी येते. पहिल्या! दुसऱ्या कुणाचा साचा आण, नाक तरी राहतं नाहीतर बोट तरी!"

हे भाषण लेक जन्मल्यापासून ऐकत होती. शेजाऱ्यांनी ऐकलं होतं, दोन्हीकडच्या व्याह्यांनी ऐकलं होतं. दातांच्या डॉक्टरांनी तर उस्तादांच्या तोंडात कापूस असताना ऐकलं होतं, आणि त्यांना ते सगळं समजलंही होतं.

उस्तादांचं काम म्हणजे बक्षिसाच्या कपांवर उभ्या असतात त्या छोट्या मूर्ती. अॅल्युमिनियमच्या साच्याचे दोन अर्धे भाग, म्हणजे पाळ्या, घट्ट आवळायच्या, वितळलेलं कथील ओतायचं, निवलं की साचा उघडायचा. गुडघ्यांनी संप केला तेव्हा त्यांनी कारखाना बंद केला. आता बारा वर्षांनी लेकीने नोकरी सोडून भट्टी पुन्हा पेटवली होती. एका शाळेला चाळीस कप हवे होते, वर धावपटू. खेळाच्या बाई चार वाजता नमुना बघायला येणार होत्या. नमुना पसंत पडला तर लेकीची पहिली ऑर्डर, नाही पडला तर बाई दुसरीकडे जाणार.

पेटीतून काढलेल्या साच्यावर पांढरी, खरखरीत पूड चढली होती.

"बाबा, कोमट पाणी, थोडं व्हिनेगर आणि मऊ ब्रश. बाकी काही करू नका हं," असं बजावून लेक कथील आणायला बाहेर पडली.

उस्तादांनी पाणी घेतलं, व्हिनेगर घेतलं, ब्रश घेतला. पंधरा मिनिटांत पूड निघाली. तिथे थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती! पण पाळीच्या सपाट भागावर त्यांना बारीक ओरखडे दिसले. पाच-सहा असतील. आपल्या साच्यावर ओरखडे? उस्तादांचं रक्त खवळलं.

"कुणी तरी पेटीत खिळे टाकलेले दिसतात! कामाची कदरच नाही कुणाला!"

त्यांनी पॉलिश पेपर काढला आणि घासायला बसले. दोन तास! साचा असा लखलखला की उस्तादांनी त्यात बघून मिशा सारख्या केल्या. लेक परतली तेव्हा ते साच्याशेजारी नवरदेवासारखे बसले होते.

पहिली ओत झाली. साचा उघडला. पाय झकास, छाती झकास, डोकं नाही!

"कथील थंड होतं," उस्ताद म्हणाले.

कथील आणखी तापवलं. दुसरा धावपटू बिनडोक्याचा आला, शिवाय उजवा हातही गेला.

"वारा लागतोय!" खिडक्या बंद झाल्या. भट्टीच्या धगीत बापलेक घामाने निथळले. तिसऱ्या धावपटूला मान होती, पण तिच्यावर काही नव्हतं.

"बाबा, पहिल्या ओतीला म्हणाला होतात ना?" लेकीने विचारलं. उस्ताद साचा पुन्हा आवळू लागले.

आणि साडेतीन वाजताच बाई दारात! त्यांनी टेबलावरचा एक धावपटू उचलला.

"याचं डोकं?"

"वेग दाखवलाय," उस्ताद घाईघाईने म्हणाले. "इतका जोरात पळतोय की डोकं मागे राहिलं!"

"अशी मुलं आमच्या शाळेत पुष्कळ आहेत," बाई म्हणाल्या, "पण त्यांना आम्ही बक्षीस देत नाही."

लेकीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तेवढ्यात उस्तादांची बायको सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. तिने साच्याकडे पाहिलं आणि ट्रे खाली ठेवला.

"अहो, माझ्या रेघा कुठे गेल्या?"

"कसल्या रेघा?"

"ओतताना मूर्ती साच्यात उलटी असते. हवा डोक्यापाशी अडकते. तिला बाहेर पडायला मी वाट करून दिली होती. पुसलीत?"

उस्तादांनी पॉलिश पेपर हळूच पाठीमागे दडवला. बायकोने चष्मा लावला, टोच्या घेतला आणि मूर्तीच्या डोक्यापासून पाळीच्या कडेपर्यंत केसाएवढ्या रेघा ओढल्या, मग हातापासून दोन. हात जराही हलला नाही. लेकीने कथील ओतलं.

साचा उघडला. डोकं, नाक, बोटं, कपाळावरची बटसुद्धा! लेकीने आईला मिठीच मारली.

"चाळीस पक्के," बाई म्हणाल्या. "साचा कुणी बनवलाय हो?"

उस्तादांनी सवयीने छाती फुगवली, मग बायकोकडे पाहिलं. "आम्ही दोघांनी," ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर एवढा अभिमान त्यांना एकट्याने बढाया मारताना कधी वाटला नव्हता.

बाई गेल्यावर ते बायकोला हळूच म्हणाले, "इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते," चहाचे कप गोळा करत ती म्हणाली. "तुमचं बोलणं संपायची वाट बघत होते."