एकशे सोळा क्रेडिट

अक्का गेली आणि तिचे एकशे सोळा क्रेडिट माझ्या नावावर झाले. तसं पत्र तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजकडून आलं. कुमारी अंबिका विश्वंभर पांचाळ, तृतीय वर्ष, कला आणि संज्ञापन महाविद्यालय, यांनी पदवीला लागणाऱ्या एकशे वीसपैकी एकशे सोळा क्रेडिट मिळवले असून ते वारसाकडे वर्ग करण्यात येत आहेत. उरलेले चार वारसाने तीस एप्रिलपर्यंत पूर्ण करावेत.

वारस म्हणून खरं तर आईचं नाव आधी लागतं. पण क्रेडिट घ्यायला किमान सातवी पास असावं लागतं आणि आई शाळेत गेलेली नाही. मी सातवी पास आहे. आठवीत गणिताच्या सरांच्या मोटरसायकलची हवा सोडली आणि परत शाळेत गेलो नाही. सहा वर्षं झाली, मी महाजन मिस्त्रींच्या दुकानात गेट आणि ग्रिल वेल्डिंग करतो.

क्रेडिट माझ्याकडे आले ते मंगळवारी दुपारी साडेतीनला. मी एका खिडकीचं ग्रिल जोडत होतो आणि एकदम मला छपाईचा इतिहास कळला. त्यामागून जाहिरात आली, मग आकाशवाणीसाठी लेखन, मग ग्रंथालयात पुस्तकं कशी लावतात ते. वेल्डिंग रॉडच्या खोक्यावर इंग्रजी होतं. इंग्रजीत अक्काला शंभरपैकी पन्नास होते, त्यामुळे मला एक शब्द सोडून एक कळला.

ती शिकली ते सगळं आलं. ती आली नाही. छायाचित्रणाचा प्रत्येक तास आला, पण ती कुठल्या बाकावर बसायची, शेजारी कोण होतं, हसली कशाला, यातलं काही नाही. मी दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी एका गेटला कडी लावताना मी ती मधोमध न लावता एका अंगाला लावली.

“हे काय केलास?” मिस्त्रींनी विचारलं.

“नजर एका अंगाला जाते, मिस्त्री. मधोमध ठेवलं की चित्र मरतं.”

“गिऱ्हाइकाला चित्र नको. कुत्रं आत येऊ नये एवढंच पायजे त्याला.” त्यांनी माझ्या हातातला होल्डर काढून घेतला. “जा. आधी ती डिग्री संपव, मग ये. अर्धा शिकलेला माणूस दुकानात नको मला.”

म्हणून मी एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी गेलो. कॉलेजच्या कार्यालयात बिराजदार मॅडम होत्या. त्यांनी अक्काची फाइल काढली, तिच्यावरचा अक्काचा फोटो बघितला, मग मला बघितलं.

“नाक तेच आहे,” त्या म्हणाल्या. “बस. तुझी एक मुलाखत राहिलीय. घरातल्या एका व्यक्तीची मुलाखत, किमान वीस मिनिटं, बाह्य परीक्षकासमोर. विषय मंजूर आहे: ‘माझा भाऊ नागेश’.”

हे मला माहीत होतं. क्रेडिटमधून नाही, आधीपासून. फेब्रुवारीत एका रविवारी अक्काचा फोन आला होता. म्हणाली, नाग्या, वीस मिनिटं दे, प्रश्न विचारायचेत, मग सरांसमोर पण यावं लागेल. मी मॅचला निघालो होतो. म्हणालो, पुढच्या रविवारी. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी ती डेंग्यूच्या वॉर्डात होती.

“मॅडम, नागेश मीच आहे.”

“हो.”

“आणि विद्यार्थी पण मीच.”

“मंगळवारी साडेतीनपासून.”

“मग मीच मला विचारू?”

“मनाई कुठे आहे?” त्यांनी नियमांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. “दाखव.”

मी बघितलं. नव्हती. “आईची घेतो की मग.”

“विषय बदलायला समिती लागते. समिती जूनमध्ये बसते. तुझी मुदत एप्रिलची.”

“आणि नाही घेतली तर?”

“तर एकशे सोळाच्या एकशे सोळा रद्द. रद्द म्हणजे मिळालेच नव्हते.” त्यांनी काचेखालचा स्नेहसंमेलनाचा फोटो दाखवला. मागच्या रांगेत दोन मुलांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती. कडेची दोन्ही मुलं त्या जागेच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. “नाट्यविभागाचा होता. अपघातात गेला. वडिलांना रजा मिळाली नाही, मुदत टळली. आता घरचे त्याला बारावीपर्यंतच ओळखतात. परवा वडील आले होते. विचारत होते, बारावीनंतर काय करायचं म्हणत होता हो तो?”

मी टेबलावरच्या सगळ्या फायली खाली ढकलल्या. का ते मला सांगता येणार नाही. समोर होत्या म्हणून.

बिराजदार मॅडम उठल्या नाहीत. “उचल,” म्हणाल्या. “आणि क्रमाने लाव.”

मी उचलल्या. ग्रंथालयाचे दोन क्रेडिट होते, त्यामुळे क्रमाने लावल्या. पूर्वीपेक्षा बऱ्या लागल्या, असं त्याच म्हणाल्या.

“मला एवढंच पायजे,” मी म्हणालो, “की डिग्रीच्या कागदावर तिचं नाव यावं.”

“आधी चार क्रेडिट आण. नावाचं नंतर.”

मुलाखत अठ्ठावीस तारखेला ठेवली. खोलीत एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात बाह्य परीक्षक. देवणीकर सर, दुसऱ्या कॉलेजचे. त्यांनी मला अक्काच्या अक्षरातला प्रश्नांचा कागद दिला आणि नियम सांगितले. प्रश्न विचारताना विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसायचं, उत्तर देताना भावाच्या. ये-जा करायचा वेळ धरला जाणार नाही. उत्तर अपुरं वाटलं तर उपप्रश्न विचारणं विद्यार्थ्यावर बंधनकारक आहे.

“घरच्याची मुलाखत अवघड असते,” ते म्हणाले. “माणूस सगळं माहीत आहे असं धरून चालतो. करा सुरू.”

मी तिच्या खुर्चीत बसून वाचलं. “आपले नाव काय?”

उठलो, पलीकडे बसलो. “नागेश विश्वंभर पांचाळ.”

अक्काने मला जन्मात कधी आपण म्हटलं नव्हतं. नाग्या, हेंगाड्या, बधीर, असं म्हणायची. कागदावर मात्र सगळीकडे आपण होतं, कारण तशी पद्धत आहे. आपला व्यवसाय कोणता. आपल्याला त्यात काय आवडते. मी सांगितलं की दोन लोखंड एक होताना बघायला आवडतं, पण ते डोळ्यांवर काच धरूनच बघावं लागतं. सरांनी काहीतरी लिहून घेतलं.

चौथा प्रश्न होता, आपण शाळा का सोडली?

“गणिताच्या सरांच्या गाडीची हवा सोडली. ते वेत घेऊन धावले. मी जास्त जोरात धावलो.”

सर हसले. मी परत तिच्या खुर्चीत आलो आणि कागदावर पाचवा प्रश्न शोधू लागलो. पण चौथ्या सत्रात तिला शिकवलं होतं की माणूस हसण्यासारखं कारण आधी सांगतो, आणि ऐकणाऱ्याने तिथे थांबू नये. आता ते मला येत होतं. मला विचारावंच लागलं.

“आणि?”

पलीकडे जायला मला बराच वेळ लागला. तो धरला गेला नाही.

“आणि त्या साली आमचे वडील, अण्णा, गेले,” मी म्हणालो. “घरात कुणीतरी कामाला लागायचं होतं. अक्का दहावीला, पहिली यायची. मी कायम शेवटून पहिला. मी आपणहून सोडतो म्हटलं असतं तर तिने मला कान धरून परत बसवलं असतं. म्हणून असं केलं की शाळेनेच घेऊ नये.”

“बहिणीला हे सांगितलं होतं?” सरांनी कोपऱ्यातून विचारलं आणि लगेच जीभ चावली. परीक्षकाला प्रश्न विचारता येत नाहीत. त्यांनी आपल्याच कागदावर आपली चूक नोंदवली.

कागदावर तो प्रश्न नव्हता, त्यामुळे मी उत्तर दिलं नाही.

शेवटचा प्रश्न होता, आपल्याला मला काही विचारायचे आहे का?

घड्याळात पंधरा मिनिटं झाली होती. मी भावाच्या खुर्चीत बसलो. समोरची खुर्ची रिकामी होती, मीच तिच्यातून उठून आलो होतो.

“अक्का,” मी म्हणालो, “त्या रविवारी तू मला शिव्या का नाही दिलीस? एरवी एवढ्यातेवढ्याला देतीस. नुसतं बरं म्हणून फोन का ठेवलीस?”

मग मी तिच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि उत्तर शोधलं. एकशे सोळाच्या एकशे सोळा क्रेडिट धुंडाळले. बातमी कशी लिहावी ते होतं. अफवा कशी पसरते ते होतं. श्रोता गप्प का होतो यावर एक अख्खं प्रकरण होतं, त्यातली आठही कारणं मी एकेक करून तपासली. आमच्या फोनचं त्यात काही नव्हतं. मी बसून राहिलो.

“वीस मिनिटं पूर्ण,” सर म्हणाले. “उत्तराच्या रकान्यात काय लिहू?”

“ती बोलत नाही.”

“तसं लिहिता येत नाही. उत्तर देण्यास नकार किंवा गैरहजर. गैरहजर लिहिलं तर मुलाखत बाद होते.”

“मग नकार लिहा.”

त्यांनी नकार लिहिलं. तिच्या वतीने मी सही केली. चारही क्रेडिट मिळाले.

मी तिथूनच बिराजदार मॅडमकडे गेलो. त्यांनी दोन रजिस्टरं उघडून ठेवली होती, एक पदवीधरांचं आणि एक मयतांचं.

“पदवी हयात माणसालाच देता येते,” त्या म्हणाल्या. “एका रजिस्टरला तुझं नाव लागेल, एकाला बहिणीचं. वडिलांचं नाव आणि आडनाव मी दोन्हीकडे लिहून ठेवलंय. पहिलं नाव तेवढं सांग.”

“डिग्रीला अंबिका लिहा.”

“मग इकडे नागेश लिहावं लागेल.”

“लिहा.”

“पोरा, घरी जाऊन आईला विचार. शाईचं रजिस्टर आहे. खोडता येत नाही.”

“लिहा म्हणालो की!”

त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं. अंबिका. मग दुसरीकडे नागेश. मृत्यूची तारीख विचारली, मी अक्काची सांगितली. वारस विचारला, मी आई सांगितलं.

“शिक्षण?”

“अंगठा.”

“चालेल. शाळेच्या इयत्ता वर्ग करायला किमान अट नाही. तुझ्या सातही त्यांच्याकडे जातील. एकशे वीस क्रेडिट आत्ता बहिणीकडे परत गेले.” त्यांनी कागद पुढे केला. “ही घे पदवी. पोच म्हणून इथे सही कर.”

मी पेन घेतलं, पण सही जमेना. त्यांनी शाईचा पॅड सरकवला.

सकाळी मी उठलो तेव्हा आई उंबऱ्यात बसून चहापत्तीचा पुडा वाचत होती. पुडा संपल्यावर तिने डिग्री मांडीवर घेतली. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत तिने अक्काचं नाव वाचलं. मग अण्णांचं, मग आडनाव. परत पहिल्यापासून वाचलं. माझी न्याहारी झाली, जेवण झालं, तरी ती त्या तीन शब्दांच्या पुढे गेली नव्हती.

दुपारी ती पुढच्या ओळीवर आली आणि अडखळली.

“नागू,” तिने हाक मारली, “संज्ञापन म्हणजे काय रे?”

“काल दुपारपर्यंत माहीत होतं,” मी म्हणालो.