दुयेनबाईंचा वाघ

नववर्षाच्या दिवशी घरात ज्याचं पाऊल पहिलं पडतं, त्याच्या गुणाने अख्खं वर्ष जातं. म्हणून या वर्षी आपल्या घरात ते पहिलं पाऊल कोणाचं पडणार, हे दुयेनबाईंनी तीन महिने आधीच पक्कं करून टाकलं होतं. नाम दिन्हच्या त्या गल्लीत सगळ्यांना त्या सांगत सुटल्या होत्या, की आमच्याकडे हाओ मास्तर येणार. मास्तर निवृत्तीनंतर गल्लीत राहायला आलेले. हसरा माणूस, बायको धडधाकट, तिन्ही पोरं मार्गी लागलेली, आणि मुख्य म्हणजे प्राण्यांच्या नावाच्या बारा सालांपैकी जन्म वाघाच्या सालातला. येत्या घोड्याच्या वर्षाला वाघासारखा पाहुणा नाही, आणि उंदरासारखा वैरी नाही!

गेल्या वर्षी घात केला होता तो नवऱ्याने. ख्वातराव नववर्षाच्या पहाटे देवळात गेले आणि परत येऊन सरळ घरात शिरले. उंदराच्या सालातला माणूस! झालं, वर्षभर दुयेनबाईंच्या फोच्या, म्हणजे रश्शातल्या शेवयांच्या, दुकानाला घरघर लागली. रश्शाचं पातेलं गळायला लागलं, समोर नवं दुकान आलं. हेही वर्ष असंच गेलं तर दुकान मोडून मुलीकडे हनोईला जायचं ठरलं होतं. नातवंडांवर बाईंचा जीव होता, पण चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत त्यांचा जीव गुदमरायचा.

म्हणून नववर्षाच्या सकाळी फाटकाला कडी. कोणी बाहेर पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम. सात वाजले तरी मास्तरांचा पत्ता नाही, तेव्हा बाई घाईघाईने म्हणाल्या, "अहो, जरा बाहेर जाऊन बघा बरं, मास्तर कुठवर आलेत."

ख्वातराव आज्ञाधारक. गेले, गल्लीच्या टोकापर्यंत पाहून आले आणि आत पाय टाकणार, तोच बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला.

"थांबा तिथेच," त्या गोड हसून म्हणाल्या. एरवी गल्ली दणाणली असती, पण वर्षाच्या पहिल्या दिवशी घरात आवाज चढवायचा नसतो. तो सगळा आरडाओरडा त्यांना दात आवळून गिळावा लागला.

मग फाटकावरून एक स्टूल बाहेर गेलं. मागोमाग चहा, आणि गजांमधून बान्ह चुंगचा एक चौकोनी तुकडा. चिकट भाताचा तो तुकडा खात, वसंतातल्या भुरभुर पावसात, ख्वातराव स्वतःच्याच घराबाहेर पाहुण्यासारखे बसले.

आठ वाजता मान नावाची त्यांची बहीण सहकुटुंब आली. बाईंनी आत बोलावलं नाही, आणि मानलाही आत जायचं नव्हतं. उद्या वहिनीचं दुकान बसलं तर वर्षभर बोल कोण ऐकणार? मग शेजारचे आले. तुम्ही पुढे व्हा, छे छे, तुम्हीच आधी, असं करत करत सगळे मागे मागे सरकू लागले. नऊपर्यंत बाहेर बारा माणसं छत्र्या धरून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती, आणि आत दुयेनबाई सजवलेल्या टेबलापाशी एकट्या बसून होत्या. त्यांना रडू यायचं बाकी राहिलं होतं.

साडेदहाला मास्तर आले. गल्लीतल्या पाच घरांनी त्यांना आधीच पकडलं होतं आणि प्रत्येक घराने पेला भरला होता. नाक लालबुंद, पण चाल ठीक. उजवं पाऊल आत टाकून त्यांनी भरभराटीचं मागणं मागितलं. बाईंचे डोळे भरून आले. मग फाटक सताड उघडलं, आणि सगळी गर्दी हुश्श करत आत आली.

"मास्तर, वाघाचं पाऊल लागलं. माझं दुकान वाचलं," बाई पेला भरत म्हणाल्या.

मास्तर खळखळून हसले. "कसला वाघ, वहिनी? तो कागदावर. शाळेत नाव घालताना वडिलांनी माझं वय दोन वर्षं कमी लावलं. मी अस्सल उंदीर, आपल्या ख्वातरावांच्या सालातला."

ज्या शेजाऱ्यांकडे मास्तर सकाळीच जाऊन आले होते, त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. बाईंच्या हातातला पेला भरून वाहायला लागला.

ख्वातराव दारातच उभे होते, टोपीतलं पाणी झटकत.

"अगं, उंदीरच हवा होता," ते शांतपणे म्हणाले, "तर मी सातपासून दारातच बसलो होतो की."