देवचाराचं दुकान

सुयोग परब भुतांना घाबरतो, हे गोराईच्या त्या थीम पार्कमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊ नये म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. नोकरी अजून कच्ची होती. चंद्रप्रकाश शेठनी त्याला नेमलं तेच मुळी 'तू कोकणातला, भुतं तुझ्या घरचीच' असं म्हणून. हा बावळट तेव्हा हसला आणि देवचाराच्या दुकानात जाऊन बसला.

दुकान म्हणजे अंधारी गुहा. भिंतीभर कागदाच्या लगद्याचे मुखवटे: देवचार, हडळ, मुंजा, वेताळ. कुडाळकडच्या कारागिरांनी हाताने केलेले, दिवसाढवळ्या घाम फुटावा असे. लोक गुहेत डोकावायचे, 'कसलं भारी' म्हणायचे आणि खरेदी करायचे गेटवर, माधुरीच्या दुकानात. तिथे टोप्या, मग, किचेन. कुठल्याही पार्कात मिळतो तोच माल, तरी झुंबड. शेठनी बजावलं, की दिवाळीपर्यंत मुखवटे खपले नाहीत तर गुहेतही किचेनच लावू, आणि किचेन विकायला माधुरी आहेच. शिवाय गुहेतला माणूसच घाबरट दिसला तर थीमची वाट लागते.

म्हणजे विकायचं आणि घाबरायचंही नाही. सुयोग रोज शटर उघडण्याआधी हळूच देवाला गाऱ्हाणं घालायचा. दुपार कशीबशी निघायची, तिन्हीसांजेला मात्र पंचाईत. असल्यांची नावं दिवेलागणीला घेऊ नयेत, ही आईची लहानपणापासूनची ताकीद. गिऱ्हाइकाने विचारलं, हा कोण, तर सुयोग म्हणायचा, उद्या उजेडात या, सांगतो. गिऱ्हाईक कशाला येतंय.

एका रविवारी संध्याकाळी दिवे लुकलुकले आणि सुयोगला वाटलं, हडळ आपल्याकडेच बघतेय. त्याने सगळे मुखवटे भिंतीकडे तोंड करून टांगले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. इतक्यात मुलुंडहून आलेलं एक कुटुंब आत शिरलं. नुसत्या पाठी बघून त्यांना वाटलं, इथे काहीतरी खास लपवलंय. त्यांच्या मुलीने एक मुखवटा उतरवला, तोंडावर चढवला आणि सुयोगच्या कानाशी जाऊन हळूच "काका" म्हणाली.

सुयोगची किंकाळी जेट्टीपर्यंत गेली असेल. तो काउंटरखाली शिरला तो बाहेरच येईना. पोरगी मुखवटा घेतल्याशिवाय हलेना. बाहेरचे धावत आले, त्यांनीही एकेक चढवून पाहिला, आणि सुयोग प्रत्येकाला तितकाच मनापासून घाबरला. मोबाइल निघाले. मग काय, रोज गुहेबाहेर रांग. जो तो मुखवटा चढवी, सुयोगला घाबरवी आणि तोच मुखवटा विकत घेई. माल संपत आला तशी सुयोगची झोप उडाली, कारण व्हिडिओ आज ना उद्या शेठपर्यंत जाणार होता.

गेलाच. शेठचं बोलावणं आलं. सुयोग केबिनमध्ये शिरताच पाया पडायला वाकला.

"शेठ, मी घाबरतो. आधीच सांगायला हवं होतं. पण नोकरीवरून नका काढू."

"वेडा आहेस काय? तू कायम झालास," शेठ म्हणाले. "जा, गेटवर बघून ये."

माधुरीच्या दुकानात टोप्यांवर, मगवर, किचेनवर एकच चित्र होतं: डोळे बाहेर आलेला, आ वासलेला सुयोग. देवचार घरी न्यायची ज्यांची छाती होत नव्हती, ते सुयोगला नेत होते. माधुरीने हसून सांगितलं की सकाळपासून कुणी दुसरं काही मागतच नाही. त्याला लाज वाटली, पण नोकरी पक्की झाल्याचं सुख मोठं होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याला कशाची म्हणून भीती वाटत नव्हती.

तेवढ्यात किचेन घेणारी एक बाई त्याच्याकडे पाहून थबकली. "दादा, तुम्हीच ना हे? जरा घाबरा ना, फोटो काढायचाय."

सुयोगने डोळे ताणले, तोंड उघडलं. जमेना. बाईने पिशवीतला हडळीचा मुखवटा काढून चढवला, तरी जमेना. हा तो नसेलच, असं ती मैत्रिणीला म्हणाली. मागे शेठ येऊन उभे राहिले होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली. आपली भीती गेली की काय, सुयोगच्या मनात आलं. मग नोकरीचं काय? त्याचे डोळे बाहेर आले, तोंडाचा आ झाला.

"हां दादा," बाई मोबाइल धरत म्हणाली, "अस्सेच राहा."