सरळ गेलेला बॉल

हॉलमध्ये खरा बॉल मारायचा नाही, हा दंतवैद्यांच्या बायकोने घातलेला नियम होता. मारायचाच तर पोकळ प्लॅस्टिकचा, आणि तोही बाल्कनीचं दार लावून. त्या रविवारी सकाळी बायको आंघोळीला गेली होती आणि दार उघडं होतं. दंतवैद्यांनी गालिच्यावर खरा बॉल ठेवला, काचेच्या कपाटात स्वतःची छबी बघितली, पोट आत घेतलं आणि गोल्फची काठी उचलली.

आता दंतवैद्य म्हणजे कुणी ऐरागैरा माणूस नव्हे. हौशी गोल्फचे माजी चॅम्पियन. 'मी हौशी खेळाडू, खेळातल्या पैशाला कधी शिवलो नाही,' असं ते सांगत, आणि ते खरंच होतं, कारण कुणी कधी देऊ केला नव्हता. चॅम्पियन ते एकदाच झाले, समोरच्या खेळाडूची कंबर ऐन अंतिम फेरीत धरली त्या वर्षी. पण त्यांची कीर्ती जिंकण्यावर नव्हतीच मुळी. ती होती हरण्यावर. फार वर्षांपूर्वी एका अंतिम सामन्यात, शेवटच्या खड्ड्याशी, त्यांनी काठी टेकवली आणि फटका मारण्याआधीच बॉल तीळभर हलला. कुणीही पाहिलं नव्हतं. दंतवैद्यांनी आपण होऊन हात वर केला, दंडाचा एक जादा फटका स्वतःच्या नावावर लावून घेतला आणि तेवढ्या एका फटक्याने हरले. जिंकणाऱ्याचं नाव आज कुणाला आठवत नाही. दंतवैद्यांचं कुणी विसरत नाही, कारण ते विसरू देत नाहीत. दवाखान्यातल्या खुर्चीवर आडव्या पडलेल्या प्रत्येक पेशंटला ही कथा ऐकावीच लागे. तोंड आधीच उघडं असल्यामुळे जांभई तेवढी खपून जाई.

त्या कथेला अखेर फळ आलं होतं. क्लबाने त्यांच्या नावाने दरवर्षी सचोटीचा करंडक द्यायचं ठरवलं होतं. संध्याकाळी समारंभ होता. क्लबाचे अध्यक्ष, म्हणजे निवृत्त जजसाहेब, भाषणासाठी चार आठवणी विचारायला सकाळीच घरी येणार होते. फोटोग्राफरला फटका मारतानाची ऐट हवी होती, म्हणून हा कपाटासमोरचा सराव.

दंतवैद्यांचा बॉल उभ्या आयुष्यात कधी सरळ गेला नव्हता. मैदानावर तो न चुकता उजवीकडच्या झाडीत जाई. आज मात्र काय झालं कोण जाणे, तो गालिच्यावरून सणाणून उठला, पंख्याखालून गेला, दारातून बाहेर पडला, दोरीवर वाळत घातलेल्या दोन चादरींच्या मधून निघाला, समोरच्या झाडाचा शेंडाही न हलवता खाली उतरला आणि फाटकाशी नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या पुढच्या काचेतून आत शिरला. गाडी जजसाहेबांची होती.

बायको ओले केस टॉवेलात गुंडाळत बाहेर आली आणि काय फुटलं म्हणून विचारू लागली. नवऱ्याच्या हातातली काठी बघितल्यावर तिने विचारायचं थांबवलं.

"सांगून टाका सरळ," ती म्हणाली. "सचोटीचे ना तुम्ही?"

"उद्या सांगतो," दंतवैद्य म्हणाले. "आज करंडक आहे. आणि हे बघ, तू मधे बोलू नकोस."

जजसाहेब वर आले ते बॉल हातात घेऊनच. दुसऱ्याचा बॉल चुकून मारला जाऊ नये म्हणून गोल्फवाले आपापल्या बॉलवर खूण करून ठेवतात. दंतवैद्यांची खूण तीन हिरवे ठिपके, आणि ती अख्ख्या क्लबाला पाठ होती. हा बॉल माझा नाही असं म्हणायची सोयच उरली नव्हती. दंतवैद्यांची नजर घरभर फिरली आणि आतल्या खोलीच्या दारावर थांबली. आत त्यांचा मेहुणा पिंट्या झोपला होता. चाळिशी उलटली तरी पिंट्याच. चार दिवसांसाठी म्हणून आला होता आणि चार महिने हलला नव्हता.

उचलली जीभ लावली टाळ्याला. दंतवैद्य म्हणाले, सांगायला लाज वाटते, पण हे आमच्या मेहुण्याचे उद्योग. काठीला हात लावू नकोस म्हणून कितीदा बजावलं, ऐकेल तर शपथ. चहाचा ट्रे घेऊन आलेली बायको दारातच थबकली. तिने नवऱ्याकडे अशी काही नजर टाकली की ती जजसाहेबांना दिसली असती तर खटला तिथेच संपला असता.

पिंट्याला उठवून बाहेर आणलं. दुसऱ्याच्या घरी राहायचं तर कशालाही आधी 'चुकलं' म्हणून मोकळं व्हावं, हे तो चार महिन्यांत शिकला होता. त्यामुळे समोर दोन गंभीर चेहरे दिसताच, काय झालं हेही न विचारता तो म्हणाला, "चुकलं भाऊजी. परत नाही होणार."

झालं. दंतवैद्यांचा जीव भांड्यात पडला. पण जजसाहेब रागावलेच नाहीत. ते उठून बाल्कनीत गेले, गालिच्याकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, चादरींमधली फट हाताने मोजली, वाकून खालची गाडी पाहिली. परत आले तेव्हा त्यांचा चेहराच बदलला होता.

"तुम्ही याआधी कधी खेळला आहात?"

"कॅरम," पिंट्या म्हणाला.

जजसाहेब मटकन खाली बसले. असला फटका आपण जन्मात पाहिला नाही, म्हणाले. क्लबातल्या एकाला जमायचा नाही. दंतवैद्य घाईघाईने म्हणाले, योगायोग असेल हो, आंधळ्याच्या हातून कधी कधी लागतो. त्यावर जजसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "डॉक्टर, रागावू नका. पण तुमचा बॉल जन्मभर झाडीत जातोय. देणगी असावी लागते." काचेचं काय घेऊन बसलात, आज संध्याकाळीच या माणसाला क्लबाचं सदस्य करून घेतो, असंही ते म्हणाले.

दंतवैद्यांनी दात आवळून जजसाहेबांपुढे चहाचा कप सरकवला. करंडक डोळ्यांसमोर होता. पण पिंट्याला आता कंठ फुटला होता. त्याने बिस्किट चहात बुडवलं आणि तो समजावून सांगू लागला. "कसं आहे साहेब, मनगट जरा सैल सोडायचं. मग बॉल जातो आपला आपण."

"मी मारला तो," दंतवैद्य ओरडले. "तो फटका माझा आहे. माझा."

जजसाहेबांनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"जन्म कोर्टात गेला माझा," ते म्हणाले. "दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेणारा माणूस मी लांबून ओळखतो. आपलेच दात, आपलेच ओठ, असंच ना? त्या वेळी कुणी न पाहिलेल्या चुकीचा दंड घेतलात, आज मेहुण्याच्या चुकीचा घेताय."

"अहो, खरंच मीच. हिला विचारा हवं तर."

सगळ्यांनी बायकोकडे बघितलं. तिने आधी भावाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग टॉवेल नीट खोचला.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मी आंघोळीला गेले होते."

"बघा," जजसाहेब म्हणाले. "वहिनींना खोटं बोलवत नाही."

संध्याकाळी जजसाहेबांनी दोन्ही कथा सांगितल्या. दुसरीला लोक उभे राहिले. दंतवैद्यांनी मान खाली घालून करंडक स्वीकारला आणि हा केवढा विनय, म्हणून टाळ्या आणखी वाढल्या. तीन हिरव्या ठिपक्यांचा तो बॉल आता क्लबाच्या दारात काचेच्या पेटीत असतो आणि खाली पिंट्याचं नाव आहे. पिंट्याने त्यानंतर एकदाही काठी हातात धरलेली नाही. कुणी आग्रह केलाच तर म्हणतो, आपण हौशी, मनात आलं तरच खेळतो. बाकी हिरवळीवर खुर्ची टाकून नवशिक्यांना मनगटाविषयी सांगत बसतो आणि जेवायला बहिणीकडे येतो.

दंतवैद्य दवाखान्यात हल्ली कुठलीच कथा सांगत नाहीत. पेशंटच खुर्चीवर टेकता टेकता कौतुकाने विचारतात, "डॉक्टर, तो फटका मारणारे मेहुणे तुमचेच ना?"

"तोंड उघडा," दंतवैद्य म्हणतात. "अजून."