भाग दोन येईपर्यंत

पाहुण्यांचे पोहे झाले, चहा झाला, पोरीची नोकरी कायम झाली की नाही हेही विचारून झालं. मग मुलाच्या मामांनी मिशीवरचा चहा पुसला आणि ते मुद्द्यावर आले.

"मंग परसरामजी, लग्न कधी काढता?"

"ते माह्या हातात नाही जी," परसराम शांतपणे म्हणाले. "सिनेमावाल्यांच्या हातात हाय."

मामा हसले. मुलगाही हसला. घरातलं कोणीच हसत नाही हे पाहून दोघंही थांबले. दहा मिनिटांत त्यांची गाडी तुमसरच्या रस्त्याला लागली आणि सत्यभामाबाईंनी उरलेले पोहे झाकून ठेवले. पाहुण्यांची ही अकरावी खेप. अकरा खेपांत पोहे कधी कमी पडले नव्हते; जावई मात्र एकही पदरात पडला नव्हता.

याचं मूळ नऊ वर्षांमागच्या नाकाडोंगरीच्या मंडईत होतं. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते तेव्हा फुगे, गोडशेव आणि पाळणे हे सगळं दिखाव्याला. खरा व्यवहार सोयरिकींचा. बारा गावचे पाहुणे येतात आणि दंडारीचं लोकनाट्य बघण्याच्या निमित्ताने एकमेकांच्या पोरी-पोरांकडे बघून घेतात. त्या वर्षी परसरामांची बहीण तुळसा बपेऱ्याहून आली ती आपल्या दिराच्या मुलाला घेऊनच. मंचाशेजारी उभी राहून, चार लोकांना ऐकू जाईल अशा बेताने तिने भाचीला विचारलं, "काय व माय, पसंत हाय काय?"

तृप्ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि आठ दिवसांत तिसऱ्यांदा 'रणकोट' पाहून आली होती. त्या काळात तो सिनेमा कोणी पाहिला नव्हता असं नाही. शेवटी जखमी नायक किल्ल्याच्या माथ्यावरचा लोखंडी दरवाजा उघडतो, समोर कोणीतरी उभं असतं, नायकाचे डोळे विस्फारतात, तो "आप?" एवढंच म्हणतो आणि पडद्यावर अंधार होतो. दरवाज्यामागे कोण, हे पुढच्या दिवाळीला, भाग दोनमध्ये.

"आत्या," तृप्ती म्हणाली, "दरवाज्यामागे कोण हाय ते मले पाहू दे. भाग दोन आला का करीन लग्न."

परसरामांनी हिशोब केला. पुढची दिवाळी म्हणजे एक वर्ष. तेवढ्यात पोरीचं शिक्षणही पुढे सरकेल, बहिणीलाही तोंडावर नाही म्हणावं लागणार नाही. दोन दंडारींच्या मधला वेळ होता, माइक सुरू होता. ते मंचावर चढले. "ऐका हो! रणकोटचा भाग दोन येईल, तवाच माह्या पोरीचं लग्न. परसरामचा शब्द हाय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणूस अडकतो तो बहुधा टाळ्यांमुळेच. नुसतं बोलून गेलेलं त्याला विसरता येतं.

पुढच्या दिवाळीला नायकाचा पाय मोडला. पाय जुळेपर्यंत तृप्ती बीएस्सी झाली. मग नायकाचं आणि निर्मात्याचं फाटलं; त्या भांडणात तिचं बीएड झालं. मग करोना आला आणि सगळ्यांचंच सगळं पुढे गेलं. नंतर म्हणे किल्ला कॉम्प्युटरवर पुन्हा बांधायला घेतला. तो किल्ला उभा राहीपर्यंत तृप्ती चिखल्याजवळच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली होती. त्या सिनेमाच्या प्रत्येक नुकसानीतून एकाच माणसाचा फायदा झाला, आणि तिने नायकाला कधी साधं पत्र लिहून आभार मानले नाहीत.

परसरामांची गोष्ट वेगळी. जन्मात चार सिनेमे न पाहिलेला हा माणूस भाग दोनचा जिल्ह्यातला जाणकार झाला. शब्द दिला तर तो कशावर दिला हे माहीत असावं म्हणून त्यांनी पहिला भाग टीव्हीवर पाहिला. मग खात्री करायला पुन्हा पाहिला. सहाव्यांदा पाहताना त्यांनी सत्यभामाबाईंना दरवाज्याच्या प्रसंगात भांडी घासायला मनाई केली. तुमसरच्या टॉकीजचा मॅनेजर त्यांचा आवाज ओळखू लागला होता आणि ते बोलायच्या आत "नाही आला काका" म्हणून फोन ठेवू लागला होता.

संध्याकाळी यादोरावच्या पानठेल्यावर या विषयाची बैठक भरायची. यादोरावचा विश्वास मुळातच कशावर नसायचा.

"येत नाही तो," चुन्याचं बोट पानावर फिरवत यादोराव म्हणायचा. "अन् का नाही येत सांगू? लिहिणाऱ्यालेच मालूम नाही दरवाज्यामागे कोण हाय ते. उघडून बसला दरवाजा, आता डोकं खाजवून राहिला."

"असं कसं होईल? दरवाजा उघडला तं मागे कोणीतरी ठेवलंच असंन ना त्यानं."

"अन् आला तरी पयल्यासारखा नाही राहणार. शिळ्या वरणाले फोडणी देल्यावानी होईन. लिहून घ्या माह्याकडून."

परसराम दोन्ही बाजूंनी घाबरायचे. आला नाही तर पोरगी घरात राहील. आला आणि वाईट निघाला तर असल्या सिनेमासाठी आपण नऊ वर्षं थांबलो हे गाव विसरणार नाही. आणि तिसरी एक भीती होती, ती ते यादोरावलाही सांगत नसत. आला आणि चांगला निघाला, तर?

अकराव्या पाहुण्यांची गाडी गेली त्याच आठवड्यात तृप्तीने आईला सांगितलं की चिखल्याच्या खाण कॉलनीतला प्रफुल्ल नावाचा मुलगा तिला पसंत आहे. खाणीत सर्व्हेचं काम करतो, कमी बोलतो, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला दगडांचे नमुने घेऊन आला होता. दगडांवरून गोष्ट पुढे गेली होती.

सत्यभामाबाईंनी ही बातमी जेवताना नवऱ्याच्या ताटात वाढली.

"वा!" परसराम म्हणाले. "पोरगा चांगला हाय. पण भाग दोन?"

"आग लागो तुमच्या भाग दोनले! पोरगी स्वतः म्हणून राहिली लग्न कराचं."

"अगं, तुळसाच्या दिराच्या पोराले काय सांगतलं आपण? भाग दोन आल्यावर. त्याच्यामागून दहा जण परत पाठवले, सगळ्यायले तेच सांगतलं. आता बिना भाग दोनचं लग्न केलं तं ते अकराही म्हणतीन, आमच्याच वक्ताले सिनेमा होता काय? तुळसा तं दोन वर्षं राखी नाही घेऊन आली. आता तं कायमचीच नाही येणार."

सत्यभामाबाईंनी पोळी ताटात जरा जोरात टाकली. "मले एक सांगा. शब्द पाळून राहिले तुमी, का सिनेमाच्या आडून पोरगी घरात ठेवून राहिले?"

परसरामांनी पाणी मागितलं. तहान लागली नव्हती.

तेवढ्यात देवानेच ऐकल्यासारखी बातमी आली. भाग दोन या दिवाळीला, नक्की. ट्रेलरही आला. त्यात दरवाजा दोनदा दाखवला आणि दोनदा बंदच ठेवला. परसराम स्वतः चिखल्याला गेले. प्रफुल्लचे वडील टिकाराम खाणीत कामगारांच्या हेल्मेटवरचे दिवे सांभाळायच्या खोलीत काम करायचे आणि डिसेंबरअखेर निवृत्त होणार होते. होणाऱ्या व्याह्यांपुढे त्यांची एकच अट होती.

"रिटायर झालो का क्वार्टर सोडा लागते, इवाईबुवा. पोरगा ज्या घरात लहानाचा मोठा झाला, त्याच्याच दारातून वरात निघावी, एवढंच म्हणणं हाय माह्यं. तुळशीचं लग्न झालं का आपलं उरकू."

"दिवाळीत सिनेमा, तुळशीनंतर लग्न," परसराम म्हणाले. "असं जुळते जसं ठरवूनच केलं." कॉलनीचा हॉल ठरला, पत्रिका छापून आल्या. अकरा पत्रिका अकरा ठिकाणी पहिल्यांदा गेल्या, प्रत्येकीवर परसरामांनी हाताने लिहिलं होतं: शब्दाप्रमाणे, भाग दोन पाहून.

दिवाळीला अठरा दिवस उरले असताना सिनेमा पुढे गेला. आता उन्हाळ्यात.

परसराम दिवसभर पडवीत बसून राहिले. टॉकीजच्या मॅनेजरने या वेळी स्वतःहून फोन केला आणि माणूस वारल्यावर करतात तशा आवाजात बोलला. पत्रिका परत मागवता येत नव्हत्या, क्वार्टर थांबवता येत नव्हतं आणि शब्द गिळता येत नव्हता. संध्याकाळी तुळसाचा फोन आला. नऊ वर्षांत इतका गोड आवाज तिने काढला नव्हता. "दादा, पत्रिका भेटली. सिनेमा कसा वाटला रे?"

तृप्तीने हे सगळं ऐकलं. मग ती वडिलांसमोर येऊन बसली.

"बाबा, तुमी मंचावर काय म्हणलं होतं? नेमकं सांगा."

"भाग दोन येईल तवाच लग्न."

"कोण आणंन, हे म्हणलं होतं?"

परसरामांनी ते वाक्य बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं; त्यात कोणाचंच नाव नव्हतं.

"यंदाच्या मंडईत आपण करू भाग दोन. नाटक," तृप्ती म्हणाली. "मी लिहितो. ज्या लोकायपुढं शब्द देला, त्याच लोकायनं पाहावं अन् त्यायनंच सांगावं, आला का नाही."

ही सूचना ठेल्यावर पोचली तेव्हा यादोरावने पहिल्यांदाच पान लावता लावता हात थांबवला. "पण दरवाज्यामागे कोण?"

"ते पोरगी मलेही नाही सांगून राहिली," परसराम म्हणाले, आणि त्यांचा चेहरा नऊ वर्षांमागच्या एकोणीस वर्षांच्या मुलीसारखा झाला.

मंडईच्या दिवशी दुपारी दोन वाजता मंचापुढे बसायला जागा उरली नव्हती. बपेऱ्याहून तुळसा आली होती आणि तिच्यासोबत, निव्वळ चौकशीपोटी, अकरांपैकी सात घरं आली होती. किल्ला बांबू आणि निळ्या ताडपत्रीचा होता. दरवाजा मात्र खरा होता, टिकारामांनी कुठल्याशा जुन्या गोदामाचा लोखंडी पल्ला ट्रॅक्टरवर घालून आणला होता. नायक प्रफुल्ल. डोक्यावर खाणीतलं हेल्मेट, त्याला सोनेरी कागद. तो कमी बोलणारा असल्यामुळे तृप्तीने नायकाला जखमी आणि जवळजवळ मुका ठेवला होता.

लोक आधी हसले. नंतर हसणं कमी होत गेलं. तृप्तीने लढाया सगळ्या पडद्याआड ठेवल्या होत्या आणि मंचावर किल्ल्यावरची माणसं ठेवली होती: कोणी परत येण्याची वाट बघणारी, वाट बघत म्हातारी होणारी. नऊ वर्षं वाट बघितलेल्या प्रेक्षकांना हा विषय समजावून सांगावा लागला नाही.

अडचण एकच होती. पुढच्या रांगेत बसलेल्या परसरामांना राहवेना. शेवटचा प्रवेश सुरू झाला, नायक पायऱ्या चढू लागला आणि परसरामांच्या मनात आलं: उघडला की सगळ्यांबरोबर आपल्यालाही दिसेल, म्हणजे नऊ वर्षांचं हे एका क्षणात संपेल. निदान आधी, एकट्याने, एकदा बघून घ्यावं. ते उठले, ताडपत्रीच्या कडेने मागे गेले. मागे अंधारी जागा होती. एका कोपऱ्यात टिकाराम म्हाताऱ्या राजाची दाढी कानाला अडकवण्याच्या खटपटीत होते. दोरा तुटला होता.

"इवाईबुवा, तुमी इकडं कायले?" टिकाराम कुजबुजले.

"म्हणजे राजा हाय काय मागे? राजा तं मेला होता ना पयल्या भागात!"

"मेला नव्हता जी. हटा, माह्यी जागा हाय तेथं..."

परसराम हटले, ते नेमके दरवाज्याच्या दिशेने. त्याच वेळी पल्ला करकरला.

उघडलेल्या दरवाज्यात, डोळ्यांवर ऊन आलेले, एक हात कपाळाशी धरलेले परसराम उभे होते. समोर हजारभर माणसं आणि हेल्मेटवाला होणारा जावई. प्रफुल्लला पुढची तीन वाक्यं पाठ होती. ती सगळी गेली. त्याचे डोळे सिनेमातल्यापेक्षा मोठे झाले.

"बाबा, तुमी?"

पाळणेवाल्यानेही पाळणा थांबवला. परसरामांनी प्रफुल्लकडे पाहिलं. मग मंचाच्या कडेला वही हातात धरून उभ्या असलेल्या तृप्तीकडे पाहिलं. पुढच्या रांगेत सत्यभामाबाई बसल्या होत्या, ताटात पोळी टाकतानाचा चेहरा घेऊन.

"हो," परसराम म्हणाले. माइक जवळ होता, त्यामुळे हळू बोललेलंही शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "मीच होतो."

आणि ते दरवाज्यातून बाजूला झाले.

टाळ्या कोणी सुरू केल्या यावर अजून वाद आहे. यादोराव म्हणतो त्याने. पण त्याच्या दोन्ही हातांना चुना होता. तुळसा पदराने डोळे पुसत होती, आणि शेजारणीला सांगत होती, "मले पयल्यापासूनच वाटत होतं, दादाच असंन म्हणून." वाया गेलेली दाढी हातात घेऊन टिकाराम मागून आले आणि तेही टाळ्या वाजवू लागले. भाग दोन आला की नाही हे विचारायची वेळच कोणावर आली नाही.

वरात डिसेंबरआधी क्वार्टरच्या दारातून निघाली.

उन्हाळ्यात खरा भाग दोन लागला. या वेळी खरंच. सगळं गाव तुमसरला जाऊन आलं. यादोराव म्हणाला, "ठीक हाय. आपल्या मंडईतला बरा होता." टॉकीजच्या मॅनेजरने परसरामांना फोन करून दोन चांगल्या खुर्च्या राखून ठेवल्या, आठवडाभर ठेवल्या. परसराम गेले नाहीत. संध्याकाळी पडवीत बसून ते रस्त्याकडे बघत राहिले. शाळा सुटल्यावर तृप्तीची स्कूटी याच रस्त्याने घरी यायची, ती आता चिखल्याकडे वळत असे.

"नऊ वर्षं पाहली वाट," सत्यभामाबाई चहा ठेवत म्हणाल्या. "आता आला तं जात काहून नाही?"

"पाहून घेतला," परसराम म्हणाले, "तं मंग वाट कायची पाहू?"